मोठ्या टेक कंपनीतली नोकरी: अर्जापासून पहिल्या सहा महिन्यांपर्यंत

मी मूळची बार्शीची. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे सोलापुरात इंजिनिअरिंग आणि मग हिंजवडीतल्या एका मोठ्या सर्व्हिस कंपनीत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या कंपनीत, चार वर्षं. तिथून मोठ्या प्रॉडक्ट कंपनीत, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत, जायला मला दीड वर्ष लागलं आणि वाटेत तीन ठिकाणी नकार आला. आता सहा वर्षं झाली, मी याच कंपनीत आहे आणि टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेते. गावाकडून दर महिन्याला कुणाचा तरी फोन येतो. मागच्या महिन्यात मावसभावाचा आला. त्याला जे तासभर सांगितलं तेच इथे सविस्तर लिहितेय.

सुरुवातीला एक गोष्ट समजून घ्या. मला ती तिसऱ्या नकारानंतर कळली आणि बाकीचं सगळं तिच्यावरच उभं आहे. मुलाखत घेणारा माणूस तुम्हाला घ्यायचं की नाही हे एकटा ठरवत नाही. तुम्ही कॉल बंद केलात की त्याला एक फॉर्म भरावा लागतो: काय विचारलं, उमेदवार काय म्हणाला, कुठे अडला, कसा सुटला. हा फॉर्म वाचून निर्णय घेणाऱ्यांपैकी काहींनी तुमचा चेहराही पाहिलेला नसतो. गूगलच्या हायरिंग कमिटीचं काम असंच चालतं. म्हणून तुम्ही मनात किती हुशारीने विचार केलात याला तिथे किंमत नाही. समोरच्याला लिहून घेता येईल असं तुम्ही काय बोललात, त्याला आहे.

१. आधी दार ठरवा

"आयटीत जायचंय" एवढं पुरत नाही. मोठ्या कंपन्यांचे ढोबळ तीन प्रकार आहेत आणि प्रत्येकाची भरती वेगळ्या पद्धतीने होते.

टीसीएस, इन्फोसिस, विप्रो यांसारख्या सर्व्हिस कंपन्या फ्रेशर्स मोठ्या संख्येने घेतात. कॉलेजात कॅम्पस झाला नाही तरी टीसीएसच्या एनक्यूटीसारख्या परीक्षा असतात. त्यांत अ‍ॅप्टिट्यूड, इंग्रजी आणि थोडं कोडिंग येतं. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि डिग्री, तिन्हींत साठ टक्के ही अट अनेक ठिकाणी दिसते. चालू एटीकेटी किती चालतात, गॅप किती वर्षांचा चालतो, हे जाहिरातीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. अर्ज भरण्याआधी ते वाचा. खोटं भरलेलं पुढे पडताळणीत हमखास सापडतं.

गूगल, मायक्रोसॉफ्ट, अ‍ॅमेझॉन यांसारख्या प्रॉडक्ट कंपन्यांत संख्या कमी, फेऱ्या जास्त आणि भर कोडिंगवर.

तिसरा प्रकार आपल्याकडची मुलं विसरतात: परदेशी बँका आणि कंपन्यांची इथली तंत्रज्ञान केंद्रं. पुण्यात बार्कलेज, डॉइश बँक, मास्टरकार्ड यांची मोठी केंद्रं आहेत. तिथल्या मुलाखतीत जावा, एसक्यूएल आणि प्रत्यक्ष कामाबद्दलचे प्रश्न जास्त येतात. सर्व्हिस कंपनीत दोन-तीन वर्षं काढलेल्यांना हे दार तुलनेने लवकर उघडतं असा माझा अनुभव आहे.

अर्ज कंपनीच्या स्वतःच्या करिअर पेजवरून करा आणि शक्य असेल तर रेफरल घ्या. रेफरल म्हणजे तिथे काम करणाऱ्याने तुमचं नाव सुचवणं. तो वशिला नव्हे. त्याने इतकंच होतं की तुमचा रेझ्युमे कुणीतरी उघडण्याची शक्यता वाढते. पुढची एकही फेरी त्यामुळे सोपी होत नाही. कॉलेजचा सीनिअर ओळखीचा नसला तरी लिंक्डइनवर त्याला सरळ लिहा, पण "सर प्लीज रेफर मी" एवढंच लिहू नका. जागेचा क्रमांक, तुमचा रेझ्युमे आणि तुम्ही त्या जागेला का बसता याच्या दोन ओळी पाठवा. मला असे संदेश येतात तेव्हा मी पाच मिनिटांत रेफर करते. नुसत्या "हाय मॅडम"ला मात्र उत्तर काय द्यावं तेच कळत नाही.

२. रेझ्युमे: एक पान, आकड्यांसह

पाच वर्षांपर्यंतचा अनुभव एका पानात बसतो. फोटो, जन्मतारीख, वडिलांचं नाव, छंद, खाली सहीसकट प्रतिज्ञा, हे सगळं काढून टाका. दोन रकाने आणि रंगीत पट्ट्या असलेले नमुने टाळा. अर्ज आधी सॉफ्टवेअर वाचतं आणि अशा मांडणीत मजकुराची सरमिसळ होण्याचा धोका असतो. साधी पीडीएफ करा.

माझ्या जुन्या रेझ्युमेत एक ओळ होती: "बँकिंग प्रोजेक्टमध्ये डेव्हलपमेंट आणि सपोर्टची जबाबदारी." या ओळीवर कुणी काय प्रश्न विचारणार? नंतर मी ती अशी केली: "रात्रीच्या बॅच जॉबमधल्या डेटाबेस क्वेरी बदलून त्याचा वेळ ४ तासांवरून ५० मिनिटांवर आणला." पुढच्या प्रत्येक मुलाखतीत मला याच ओळीबद्दल विचारलं गेलं आणि तिथे मला बोलता आलं.

तुमच्या प्रत्येक ओळीत तीन गोष्टी शोधा: मी काय केलं, कशाने केलं, त्यामुळे काय बदललं. फ्रेशर असाल तर अंतिम वर्षाचा प्रोजेक्ट याच पद्धतीने लिहा.

एक सापळा इथेच आहे. रेझ्युमेत लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे तुम्ही दिलेलं विचारायचं निमंत्रण असतं. "काफ्का" या तंत्रज्ञानाचं नाव लिहिलंत आणि त्यातलं पार्टिशन म्हणजे काय हे सांगता आलं नाही, तर बाकीच्या खऱ्या ओळींवरचा विश्वासही उडतो.

३. तयारीचं वेळापत्रक

नोकरी सांभाळून करणाऱ्याने चार महिने धरावेत. मी पहाटे पाच ते सात बसायचे, कारण रात्री कंपनीच्या बसमधून घरी आल्यावर डोकं चालत नसे.

कोडिंगसाठी एकच भाषा धरा. जावा, पायथन, सी प्लस प्लस, कुठलीही चालते. विषयांचा क्रम असा ठेवा: अ‍ॅरे आणि स्ट्रिंग, हॅश मॅप, टू पॉइंटर आणि स्लायडिंग विंडो, स्टॅक-क्यू, लिंक्ड लिस्ट, ट्री, ग्राफ, बायनरी सर्च, हीप, बॅकट्रॅकिंग, आणि शेवटी डायनॅमिक प्रोग्रामिंग. लीटकोड या सरावाच्या वेबसाइटवर पाचशे प्रश्न सोडवल्याचं सांगणारे खूप भेटतील. माझं मत वेगळं आहे. दीडशे प्रश्न घ्या, पण प्रत्येक प्रश्न सोडवून झाल्यावर तो मोठ्याने समजावून सांगा आणि तीन आठवड्यांनी कोऱ्या पानावर पुन्हा सोडवा. उत्तर पाठ झालेलं असेल तर दुसऱ्या खेपेला ते उघडं पडतं.

सराव साध्या एडिटरमध्ये करा, जिथे पुढचा शब्द आपोआप येत नाही. एआयची मदत तयारीत जरूर घ्या, चुका समजून घ्यायला ती उत्तम आहे. पण प्रश्न आधी स्वतः अर्धा तास झुंजून पाहा. मुलाखतीत एआय वापरायची परवानगी आहे का हे रिक्रूटरला, म्हणजे कंपनीतर्फे भरतीचं काम बघणाऱ्याला, आधीच विचारून ठेवा. काही कंपन्या एखाद्या फेरीत ती देतात, बऱ्याच देत नाहीत. चोरून वापरणारा उमेदवार ओळखू येतो: त्याची नजर एका बाजूला जाते आणि "ही ओळ का लिहिली" या प्रश्नावर तो थांबतो.

इंग्रजीबद्दल स्वतंत्र सांगते, कारण मराठी माध्यमातल्या मुलांना सगळ्यात जास्त भीती याचीच असते. फाडफाड इंग्रजी लागत नाही. लागतात ती वीस-पंचवीस कामाची वाक्यं, जी तोंडात बसलेली असली पाहिजेत: मी हे असं गृहीत धरतेय, याला इतका वेळ लागेल, मला एक मिनिट विचार करू द्या, माझी इथे चूक झाली. मी मोबाइलवर स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकायचे. पहिले आठ दिवस ऐकवत नव्हतं. महिन्याभरात फरक पडला.

४. ऑनलाइन टेस्ट

हॅकररँक किंवा तसल्याच एखाद्या मंचावर साधारण दीड तास, दोन प्रश्न. लाइट गेली तर काय याची सोय आधी बघा, मोबाइलचा हॉटस्पॉट तयार ठेवा. दुसरी टॅब उघडली तर त्याची नोंद होते. दोन्ही प्रश्न आधी वाचा आणि सोपा आधी सोडवा. तुमच्या कोडवर चालवल्या जाणाऱ्या सगळ्या चाचण्या पास होत नसतील तरी जे चालतंय ते सबमिट करा, कारण गुण अनेकदा पास झालेल्या चाचण्यांवर मिळतात.

५. कोडिंगची फेरी, जवळून

एक साधा प्रश्न घेऊ: "दिलेल्या मजकुरात एकदाच आलेलं पहिलं अक्षर शोधा."

बहुतेक मुलं हे ऐकलं की मान खाली घालून लिहायला लागतात. वीस मिनिटं शांतता आणि मग "झालं." कोड बरोबर असतो, पण माझ्या फॉर्ममध्ये लिहायला मिळतं एकच वाक्य: उत्तर बरोबर आलं.

आता दुसरी पद्धत बघा. आधी विचारा: मजकूर किती मोठा? रिकामा असू शकतो का? असं अक्षरच नसेल तर काय परत द्यायचं? अक्षरं फक्त इंग्रजी की कुठल्याही लिपीतली? शेवटचा प्रश्न तर आपल्याला घरबसल्या सुचायला हवा. "क्षितिज" हा शब्द आपल्या डोळ्यांना तीन अक्षरांचा दिसतो, पण जावात त्याची लांबी विचारली तर ७ येते. युनिकोडमध्ये एकट्या "क्षि"चे क, हलन्त, ष आणि ऱ्हस्व वेलांटी असे चार तुकडे होतात. मग "अक्षर" कशाला म्हणायचं? मी हा प्रश्न माझ्या मुलाखतीत विचारला होता. समोरच्या बाईंनी हातातला पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, "हे मला आत्तापर्यंत कुणी विचारलं नव्हतं." पुढची पाच मिनिटं आम्ही देवनागरीवरच बोललो.

मग छोटं उदाहरण घ्या आणि बोलत सोडवा. "सरसकट" घ्या: स दोनदा येतो, र एकदा, म्हणून उत्तर र. "मामा" घ्या: काहीच एकदा येत नाही. आता सगळ्यात भाबडा मार्ग आधी सांगा: प्रत्येक अक्षरासाठी पूर्ण मजकूर तपासायचा, म्हणजे वेळ लांबी गुणिले लांबी या प्रमाणात. हा मार्ग लिहायचा नसतो, पण तो आणि त्याची किंमत तोंडाने सांगायची असते. मग सुधारणा: एका फेरीत हॅश मॅपमध्ये (अक्षर आणि त्याची संख्या अशा जोड्या ठेवणारी रचना) प्रत्येक अक्षराची संख्या मोजायची, दुसऱ्या फेरीत ज्याची संख्या एक आहे असं पहिलं अक्षर उचलायचं. वेळ ओ ऑफ एन, म्हणजे मजकुराच्या लांबीच्या प्रमाणात. जागा वेगवेगळ्या अक्षरांच्या संख्येइतकी. "लिहायला घेऊ का?" असं विचारा आणि मगच कोड लिहा. लिहून झाल्यावर "सरसकट", "मामा" आणि रिकामा मजकूर, तिन्ही स्वतःच ओळीओळीने चालवून दाखवा.

असा उमेदवार असला की माझा फॉर्म अर्धा पान भरतो. त्याने एखादी चूक केली आणि स्वतःच पकडली तर तेही मी लिहिते, आणि त्याच्या बाजूने लिहिते.

अडलात तर गप्प बसू नका. "मला इथे सॉर्ट करून चालेल असं वाटतंय, पण मूळ क्रम हरवेल" असं अर्धवट वाक्यसुद्धा चालतं. त्यावर समोरचा एखादी सूचना देतो. ती सूचना मिळाली की तिला धरा. आपलाच मार्ग रेटत राहणारे उमेदवार इथे हमखास पडतात.

६. सिस्टिम डिझाइन

साधारण तीन-चार वर्षांच्या अनुभवानंतर ही फेरी येते. फ्रेशर्सनी हा भाग सोडला तरी चालेल.

प्रश्न असा असतो: "एसटीचं तिकीट आरक्षण बनवा." लगेच आकृतीतले चौकोन काढायला सुरुवात करू नका. आधी वापर विचारा आणि आकडा मांडा. समजा दिवसाला १० लाख शोध होतात. दिवसात ८६,४०० सेकंद, म्हणजे सेकंदाला सरासरी बारा. दिवाळीच्या गर्दीत दहापट धरली तर सव्वाशेच्या आत. म्हणजे नुसत्या शोधासाठी अवाढव्य यंत्रणा लागत नाही हे तुमच्या आकड्यांनीच दाखवलं.

मग खरी अवघड जागा कुठे? पुणे-लातूर गाडीतली एकच सीट दोघांनी एकाच क्षणी निवडली तर. इथे थांबा आणि वेळ द्या. सीट काही मिनिटांसाठी राखून ठेवायची का, पैसे कापले गेले पण तिकीट निघालं नाही तर काय, ग्राहकाने बटण दोनदा दाबलं तर दोन तिकिटं निघणार नाहीत याची काळजी कशी घ्यायची. शोधाचे निकाल दोन मिनिटं जुने चालतील, सीटची स्थिती मात्र जुनी चालणार नाही. एवढा फरक स्पष्ट बोलून दाखवणारा उमेदवार, दहा तंत्रज्ञानांची नावं घेणाऱ्यापेक्षा मला कधीही जास्त पटतो.

७. वागणुकीची फेरी: "आम्ही" सोडा

हिला एचआरच्या गप्पा समजून लोक तयारीच करत नाहीत. अ‍ॅमेझॉनमध्ये १६ लीडरशिप प्रिन्सिपल्स, म्हणजे कसं काम करावं याची ठरलेली तत्त्वं, आहेत आणि जवळपास प्रत्येक फेरीत त्यांवर बेतलेले प्रश्न येतात. शिवाय बार रेझर म्हणून भरतीचा दर्जा राखायला बसलेला एकजण असतो, तो भरती करणाऱ्या टीमच्या बाहेरचा असतो. बाकीच्या कंपन्यांतही या फेरीचं वजन कमी नाही.

सहा ते आठ खरे प्रसंग लिहून काढा: सीनिअरशी मतभेद, चुकलेली डेडलाइन, तुमच्या हातून झालेली चूक, कमी माहितीवर घेतलेला निर्णय, कुणाला तरी शिकवलेली गोष्ट. प्रत्येकाची परिस्थिती, तुमच्यावरचं काम, तुम्ही केलेली कृती आणि परिणाम, या क्रमाने मांडणी करा. कृतीला सगळ्यात जास्त वेळ द्या.

आपल्या माणसांची एक अडचण इथे नेमकी आडवी येते. "मी केलं" म्हणणं आपल्याला उद्धटपणाचं वाटतं. घरात, शाळेत, सगळीकडे शिकवण हीच की आपली टिमकी आपण वाजवू नये. मग उमेदवार सांगतो, "आम्ही मायग्रेशन केलं, आम्ही वेळेत दिलं." मला फॉर्ममध्ये या उमेदवाराने काय केलं ते लिहायचं असतं आणि माझ्या हाती काहीच लागत नाही. माझा दुसरा नकार यामुळेच आला होता, रिक्रूटरने फोनवर तसं स्पष्ट सांगितलं. टीमचं श्रेय टीमला द्याच: "टीम सहा जणांची होती. डेटाबेसचा भाग माझ्याकडे होता. त्यात मी हे केलं." हे सरळ सत्य आहे आणि त्यात बढाई नाही.

चुकीचा प्रसंग विचारला तर खरी चूक सांगा. मी सांगायचे ती अशी: टेस्टसाठी म्हणून चालवलेली अपडेट क्वेरी चुकून प्रॉडक्शनवर, म्हणजे ग्राहक वापरतात त्या खऱ्या यंत्रणेवर, गेली, कारण दोन्ही खिडक्या सारख्याच दिसत होत्या. मी दहा मिनिटांत लीडला फोन केला, बॅकअपवरून त्या ओळी परत आणल्या, आणि दुसऱ्या दिवशी प्रॉडक्शनच्या खिडकीला लाल पार्श्वभूमी आणि फक्त वाचायची परवानगी असलेलं लॉगिन करून घेतलं. "मी जरा जास्तच परफेक्शनिस्ट आहे" हे उत्तर मात्र कृपा करून देऊ नका.

शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" येतं. "ऑन-कॉल (बिघाड आला की धावून जायची पाळी) किती जणांत फिरतो?" "नव्या माणसाचा पहिला बदल प्रॉडक्शनला जायला साधारण किती दिवस लागतात?" असे प्रश्न विचारा. उत्तरांवरून टीमची तब्येत कळते.

प्रत्यक्ष बोलावलं असेल आणि ऑफिस हिंजवडी फेज थ्रीला असेल, तर वाकडच्या पुलापासून पुढे तास धरूनच निघा. भूमकर चौकात अडकलेला उमेदवार घामाघूम होऊन पोहोचतो आणि पहिली पंधरा मिनिटं हातची जातात.

८. ऑफर वाचायची कशी

सीटीसी म्हणजे कंपनी वर्षाला तुमच्यावर करते तो एकूण खर्च. त्याला बाराने भागून हातात येणारा पगार काढू नका. एक उदाहरण करून बघू. सीटीसी १२ लाख, त्यात व्हेरिएबल, म्हणजे कामगिरीवर अवलंबून असलेला भाग, १ लाख २० हजार, मूळ वेतन ६ लाख. कंपनीचा पीएफ मूळ वेतनाच्या १२ टक्के म्हणजे ७२,०००. ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे २८,८६०. हे तिन्ही वजा केले की उरतात ९,७९,१४०, महिन्याला ८१,५९५. त्यातून तुमचा पीएफ ६,००० आणि महाराष्ट्राचा व्यवसाय कर २०० गेला की राहतात ७५,३९५. आयकर आणि विम्याचा हप्ता असेल तर तो वेगळा. एक लाखाच्या हिशोबाने फ्लॅटचं भाडं ठरवलेले लोक मी पाहिले आहेत.

जॉइनिंग बोनस असेल तर किती महिन्यांच्या आत सोडल्यास परत द्यावा लागतो ते बघा. शेअर्स मिळणार असतील तर ते सहसा चार वर्षांत विभागून हातात येतात, पहिल्या वर्षी किती ते विचारा. अ‍ॅमेझॉनची पद्धत पहिल्या वर्षी ५ टक्के, दुसऱ्या वर्षी १५ आणि उरलेले शेवटच्या दोन वर्षांत, अशी राहिली आहे. सर्व्हिस बाँड असेल तर रक्कम आणि मुदत लिखित मागा. मूळ प्रमाणपत्रं कुणी ठेवून घेत असेल तर देऊ नका.

नोटीस पीरियड आपल्याकडे अनेक ठिकाणी ९० दिवसांचा असतो. तो रिक्रूटरला पहिल्याच फोनवर सांगा. आणि लेखी ऑफर हातात येईपर्यंत राजीनामा टाकू नका, "सगळं फायनल आहे" असं फोनवर कुणी कितीही गोड बोललं तरी.

९. कागदपत्रं आणि पडताळणी

एका फोल्डरमध्ये स्कॅन करून ठेवा:

- दहावी आणि बारावी किंवा डिप्लोमाची गुणपत्रकं
- डिग्रीची सर्व सत्रांची गुणपत्रकं, प्रोव्हिजनल आणि पदवी प्रमाणपत्र
- आधार, पॅन, असल्यास पासपोर्ट
- आधीच्या प्रत्येक कंपनीचं ऑफर लेटर, रिलीव्हिंग लेटर, अनुभवाचा दाखला
- शेवटच्या तीन महिन्यांच्या पगाराच्या पावत्या आणि बँक स्टेटमेंट
- फॉर्म १६ (पगारातून कापलेल्या कराचा दाखला), पीएफ खात्याचा यूएएन क्रमांक
- रद्द केलेला चेक आणि पासपोर्ट साइझ फोटो
- शिक्षणात किंवा नोकरीत खंड असेल तर त्याचं कारण दाखवणारा कागद

आता नावाची भानगड, जी महाराष्ट्रातल्या मुलांना, त्यातही लग्न झालेल्या मुलींना फार छळते. आपल्या गुणपत्रकावर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. पॅनवर कधी वडिलांचं नाव गळलेलं. माझ्या बाबतीत गुणपत्रकं माहेरच्या नावाची, पॅन सासरच्या नावाचं आणि यूएएनवर स्पेलिंग तिसरंच. पडताळणी करणाऱ्या एजन्सीने माझी फाइल तीन आठवडे अडवली. त्या दिवसांत रुजू व्हायची तारीख पुढे गेली आणि जुन्या कंपनीतून तर मी बाहेर पडलेली. शेवटी विवाह नोंदणी प्रमाणपत्र आणि दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र देऊन सुटका झाली. तुमचं नाव पूर्ण बदललेलं असेल तर महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात नोंद करून घ्या. आणि हे सगळं नोकरी शोधायला लागायच्या आधी करा.

विद्यापीठाचं नाव बदललेलं असेल तर फॉर्ममध्ये प्रमाणपत्रावरचंच नाव लिहा आणि शेऱ्यात आजचं. पुणे विद्यापीठ २०१४ मध्ये सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं. जुन्या पदवीवर जुनंच नाव असतं.

अनुभव वाढवून देणाऱ्या "कन्सल्टन्सी"च्या नादी लागू नका. पीएफच्या नोंदीत कुठल्या महिन्यात कुठल्या कंपनीने पैसे भरले ते दिसतं. खोटा अनुभव रुजू झाल्यावर सापडला तरी नोकरी जाते, आणि पुढच्या कंपनीला कारण सांगावं लागतं ते वेगळंच.

१०. पैसे मागितले की तिथेच थांबा

नोंदणी शुल्क, लॅपटॉपचं डिपॉझिट, ट्रेनिंगचे पैसे, "परत मिळणारी" रक्कम, यांपैकी काहीही मागितलं तर ती फसवणूक आहे. खरी मोठी कंपनी नोकरीसाठी पैसे घेत नाही. मेल कंपनीच्या स्वतःच्या डोमेनवरून आहे का बघा. नुसत्या टेलिग्रामवर झालेली मुलाखत आणि लोगो चिकटवलेलं ऑफर लेटर, हे खोटंच समजा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. तिथे पहिल्या काही तासांना फार महत्त्व असतं.

११. रुजू झाल्यावरचे सहा महिने

पहिल्या आठवड्यात अ‍ॅक्सेस मिळवण्यातच दिवस जातात. ते सगळ्यांचंच होतं. प्रत्येक अडचण आणि तिचं उत्तर लिहून ठेवा. टीमच्या स्वागत-दस्तऐवजात ती भर घालणं, हे नव्या माणसाचं पहिलं खरं योगदान होऊ शकतं.

प्रश्न विचारायला लाजू नका, पण विचारायची पद्धत ठेवा: मी हे करू पाहतेय, हे तीन प्रयत्न केले, हा एरर आला. अर्धा-पाऊण तास स्वतः झटून मग विचारा. दोन दिवस गप्प बसून राहिलात तर ते कुणालाच नको असतं. आणि प्रश्न शक्यतो टीमच्या सामाईक चॅनलवर टाका, म्हणजे उत्तर पुढच्या नव्या माणसालाही सापडतं.

कोड रिव्ह्यूत, म्हणजे सहकारी तुमचा कोड तपासतात तेव्हा, पहिल्या खेपेला तीस-चाळीस शेरे आले तर खचू नका. माझ्या पहिल्या बदलावर ४३ आले होते. त्या संध्याकाळी मी वॉशरूममध्ये जाऊन रडले. नंतर कळलं की त्यातले निम्मे नावं आणि मोकळ्या जागांबद्दलचे होते आणि तसे शेरे सीनिअर लोकांनाही येतात. बदल छोटे पाठवा. दोनशे ओळींचा बदल माणूस नीट वाचतो, दोन हजार ओळींचा नुसता खाली सरकवतो.

ऑन-कॉलची पहिली पाळी एकट्याने घेऊ नका, आधी एक आठवडा कुणाच्या तरी सोबत बसा. रात्री दोनला बिघाडाची सूचना देणारा पेजर वाजला की दुरुस्त करण्याच्या आधी चॅनलवर लिहा: मी बघतेय, अमुक बिघाड दिसतोय, पंधरा मिनिटांत पुन्हा कळवते. नंतर त्या बिघाडाचं पोस्टमॉर्टेम, म्हणजे अहवाल, लिहायचं असतं. त्यात कुणाचा दोष हा प्रश्न नसतो. कुठली व्यवस्था हे घडू देत होती ते लिहायचं असतं.

दर शुक्रवारी दहा मिनिटं काढून केलेल्या कामाची नोंद करा: काय केलं, कुणाला उपयोग झाला, आकडा काय. वर्षाच्या मूल्यमापनात तुमचा मॅनेजर तुमची बाजू दुसऱ्या मॅनेजरांसमोर मांडतो, तुम्ही त्या खोलीत नसता. त्याच्या हातात ही वही असली पाहिजे. मॅनेजरशी होणाऱ्या साप्ताहिक भेटीत महिन्यातून एकदा सरळ विचारा: "मी आत्ता कुठे कमी पडतेय?"

जुन्या कंपनीचा पीएफ नव्या खात्यात वळवा आणि तिथे सोडल्याची तारीख बरोबर नोंदली गेली आहे का ते याच काळात तपासा.

सहा महिने-वर्षभराने मुलाखती घेण्याचं प्रशिक्षण देऊ करतील. पहिल्या दोन-तीन मुलाखतींत नुसतं बाजूला बसून ऐकायचं असतं, आणि नंतर तोच फॉर्म तुम्हीही भरायचा, मुख्य मुलाखतकाराच्या फॉर्मशी ताडून पाहायला. हो म्हणा. आणि समोर कुणी सातारा-नांदेडकडचं पोरगं घाबरून गप्प बसलेलं दिसलं, तर त्याला सांगा, "जे डोक्यात चाललंय ते बोल, मी लिहून घेतेय."